वै. लवटे

गुरुवार, २ जानेवारी २०२५

वैजू, तुझं डोकं म्हणजे चहाची गाळणी. लहानपणी दुधाला पाठवली तर किटली डेअरीतच ठेवून नुसतं झाकण घेऊन यायचीस. आता अठ्ठावीस वर्षांची घोडी झालीस तरी तेच. नव्या वर्षाची भेट म्हणून इचलकरंजीहून मला डायरी पाठवलीस. निळी, कापडी पुठ्ठ्याची, आत रेशमी दोरी. वर चिठ्ठी, "आजी, रोज मनातलं लिहीत जा." अगं भवाने, शहात्तर वर्षांत माझी अक्षराशी ओळख झाली नाही हे विसरलीस कशी? सहीच्या जागी मी अंगठा लावते. आता तीनशे पासष्ट पानं अंगठेच लावत बसू?

तर मी बोलते आणि तुझी धाकटी बहीण ऋतुजा लिहिते. माझ्या ‘न्हाई’चं तेवढं ती ‘नाही’ करते, कुणाशी बोललेलं मात्र तसंच ठेवते. बारावीला आहे ना, मार्क कापतील अशी भीती वाटते तिला. तारीख ती घालते, मला वार पुरतो. डायरी खाजगी आहे, म्हणजे तुझ्या वडलांना दाखवायची नाही. भरली की तुलाच पाठवीन, म्हणजे वाचून पुन्हा विसरायला तू मोकळी.

सोमवार, ६ जानेवारी

मार्तंड चादर सोसायटीचा कारकून सयाजी आला होता. सोसायटीला पन्नास वर्षं झाली. नऊ फेब्रुवारीला मोठा समारंभ आहे, जाडजूड स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्यात ‘गाजलेल्या नक्ष्या’ म्हणून एक पान. त्यात पहिली कुठली, तर तुझी कणसाची चादर! एकोणीस वर्षांची होतीस तेव्हा काढलेली. जोंधळ्याचं भरलेलं कणीस आणि त्याला उलटी लोंबकळणारी चिमणी. अजून विणतात ती. आपल्या घरात सहा चादरी आहेत, पण कुंडलिक तीच घेतो. बाकीच्या टोचतात म्हणतो.

सयाजीनं रजिस्टर उघडलं. त्यात तुझं जुनं नाव, बारशाला मुलगा समजून ठेवलेलं. ते मी इथं सांगणार नाही. ऋतुजा लिहायला निघाली होती, मी तिच्या बोटावर टिचकी मारली. (लागली. — ऋ.)

तुला फोन लावला. तू म्हणालीस, "आजी, नक्षी मी काढली आणि मी वैजयंती. तेव्हाही मीच होते, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. जुनं नाव कुठंच नको. कंसात नको, बारीक अक्षरातही नको. आणि मधलं नाव नको, बाबांनी नको म्हटलंय. नुसतं वैजयंती लवटे. तसं छापलं तर मी येते समारंभाला."

येते म्हणालीस! चार वर्षं झाली. तुझी आई गेल्यावर दोन वर्षं तू कशीबशी काढलीस, आणि मग उंबऱ्यात उभा राहून कुंडलिक म्हणाला, "जायचं तर जा, पण माझं नाव मधे लावू नको." त्यानंतर या उंबऱ्याला तुझा पाय लागला नाही. तुझं फोनमधलं तोंड बघून बघून मला वाटायला लागलंय की माझी नात वीतभरच आहे.

आता सयाजीच्या चार अक्षरांवर सगळं आलं.

बुधवार, ८ जानेवारी

सयाजी कच्चं पान घेऊन आला. ऋतुजानं वाचलं, तर जुनं नाव, पुढं ‘उर्फ’, पुढं वैजयंती.

मी विचारलं, "सयाजी, उर्फ कुणाला लावतात रं?"

"ज्याला दोन नावं हायेत त्याला, आजी."

"मी पेपर वाचत न्हाई, पण ऐकते की. अमका उर्फ तमका, राहणार अमक्या पेठेत, पोलीस शोध घेत आहेत. माझ्या नातीनं चादर काढलीया, चोरली न्हाई."

सयाजीनं पान चौघडी करून खिशात घातलं. चहा मात्र दोन कप पिऊन गेला.

शनिवार, ११ जानेवारी

आज मीच सोसायटीच्या कचेरीत गेले, ऋतुजाला घेऊन. चेअरमन इंद्रजीत मेटकरी. माझ्या माहेरचा, सांगोल्याकडचा. मला आत्या म्हणतो. त्याच्या बारशाला पाळण्याची दोरी मी ओढली होती. आता त्याच्या पोटाला खुर्ची पुरत नाही.

कमिटी बसली होती. माणसं पाच, भज्यांच्या प्लेटा सात. उर्फ खोडलं होतं आणि त्या जागी ‘पूर्वाश्रमीचे’ असा शब्द घातला होता.

इंद्रजीत म्हणाला, "आत्या, हा लई मानाचा शब्द हाय. साधूसंतांना लावतात."

"माझी नात साध्वी झाली न्हाई. इचलकरंजीत कॉम्प्युटरवर नक्ष्या काढती आन् संध्याकाळी भेळ खाती."

"तसं न्हाई आत्या. रेकॉर्ड म्हंजे रेकॉर्ड. ज्या नावानं काम झालं त्याच नावानं छापावं लागतं. नाव काय असं उठून बदलता येतं व्हय?"

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी मायाक्का. पंधरा वर्षं मायाक्काच होते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात रेघोट्या ओढल्या, सासू म्हणाली, आजपासनं तू रंभा. मला तर वाचताही येत नव्हतं, ताटात माझं काय झालं ते. तांदूळ संध्याकाळी शिजवून खाल्ले, नाव मात्र राहिलं. रेशनकार्ड रंभाबाई, आधार रंभाबाई. मायाक्कानं माहेरी शिवलेल्या वाकळा, त्यापण लोकं रंभाबाईच्या म्हणूनच पांघरतात. तवा कुणी कमिटी बसवली न्हाई. भजीपण मागवली न्हाईत."

"ते वेगळं, आत्या."

"वेगळंच की. मला कुणी विचारलं न्हाई, आन् हिनं विचार करून घेतलं."

मग कुणीतरी म्हणालं, भजी थंड झाली, आणि आणखी दोन प्लेटा सांगितल्या. सयाजीनं वहीत लिहिलं, ‘सखोल चर्चा झाली.’

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. हे सांगू की नको, असं सकाळपासून चाललंय. डायरी खाजगी आहे म्हणून सांगते. फोनवर तुला गोड बोल म्हणताना माझ्याच तोंडातून ते जुनं नाव निसटलं. तू म्हणालीस, "आजी, तीळ नीट भाजलेस ना?" रागावली असतीस तर बरं झालं असतं.

मला रंभा म्हणून हाक आली की सहा महिने मी मागं वळून बघायची, रंभा कोण आली म्हणून. तुझं उलटं. चोवीस वर्षं लोकांनी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली आणि तू आपली ओ देत राहिलीस.

दुपारभर भाकरी थापताना वैजू, वैजू घोकलं. ऋतुजा म्हणाली, आजी, माझ्या तोंडी परीक्षेपेक्षा तुझी तयारी जास्त झाली.

शनिवार, १८ जानेवारी

सयाजी नाचतच आला. तडजोड निघाली म्हणाला. जुनं नाव काढलं, नवंपण पूर्ण घातलं नाही. नुसतं पहिलं अक्षर आणि पुढं टिंब. वै. लवटे.

"ज्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं, आजी. साहेब म्हणाले, नाव आलंपण आणि आलं नाहीपण. कुणाचीच तक्रार नाही."

मला एवढं बरं वाटलं नाही, पण चुकीच्या आख्ख्या नावापेक्षा बरोबर नावाचं एक अक्षर तरी आलं म्हटलं. ऋतुजा कपाळाला हात लावून बसली होती. अभ्यासाचा ताण, दुसरं काय. आजी, अगं त्या टिंबामुळं, असं काहीतरी म्हणत होती, पण सयाजीची घाई. जाता जाता त्यानं ते पान सोसायटीच्या फोनच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. चारशे सभासद आहेत म्हणे त्यात.

सोमवार, २० जानेवारी

आजचा दिवस काही कळला नाही. ऋतुजा कॉलेजला गेली आणि शेजारची राजेश्वरी पिठलं-भाकरी घेऊन आली. काही सण नाही, वार नाही. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आजी, धीर धरा. दोन घास तरी खावा." माझ्या गुडघ्याची एवढी काळजी तिला! मी म्हटलं, अगं आता पुष्कळ बरं आहे. तर आणखीनच रडायला लागली. कांदा चिरून आली असेल.

पिठलं मात्र फक्कड. लसूण सढळ हातानं घातलेला. मी तीन भाकरी खाल्ल्या. ती बघतच राहिली.

मग गल्लीतले दोघं आले, बाहेर कट्ट्यावर टोप्या काढून बसले. चहा नको म्हणाले. आपल्या गल्लीत चहाला नको! एक म्हणाला, "पोर लई गुणी होती." मी म्हटलं, "होती म्हंजे? हायच की." त्यांनी माना हलवल्या आणि गेले.

दुपारी कुंडलिक कारखान्यातून मधेच घरी आला. अनवाणी. दोन मैल डांबरावरून, पायात काही नाही. माझ्याशी बोलला नाही, तडक गच्चीवर गेला. मी अंगणातून बघत होते. तासभर फोन कानाला लावून कठड्याला टेकून उभा होता. खाली काही ऐकू येत नव्हतं. मधे एकदा ‘हां’ म्हणाला, एकदा ‘जेवलीस का’ असं काहीतरी. बँकेचा फोन असेल, बँकावाले गाणं लावून माणसाला ताटकळत ठेवतात.

खाली आला तर डोळे लाल. म्हणाला, ऊन लागलं. मी विचारलं, चपला? म्हणाला, "विसरल्या."

बघ वैजू, विसरभोळेपणा तुला कुणाकडून आला ते. मी पिठलं वाढलं तर ताट बाजूला सारलं. "हे कशाला घेतलंस घरात?" म्हणाला. एवढं चांगलं पिठलं! मग मीच संपवलं.

मंगळवार, २१ जानेवारी

आत्ता कळलं. ऋतुजानं समजावलं. नावाच्या आधी ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. माळकरी माणूस गेला की लावतात. चारशे सभासदांनी वाचलं, वैकुंठवासी लवटे. कुणाला न दुखवायच्या नादात कमिटीनं माझी नात मारून टाकली! आणि मी तिच्या सुतकाचं पिठलं बोटं चाटून खाल्लं!

ऋतुजाला ओढत कचेरीत नेली. सयाजी दारातच हात जोडून उभा. म्हणाला, "आजी, चूक झाली. कुंडलिकअण्णांच्या कारखान्यात तर माग बंद करून दोन मिनिटं उभे राहिले सगळे. अण्णांनीच विचारलं, कोण गेलं." कुंडलिकनं मला यातलं काही सांगितलं नाही. माग बंद पडले की त्याचं डोकं फिरतं, तसंच झालं असणार.

आत इंद्रजीत आणि कमिटी. त्याच्या डोक्यामागं भिंतीवर काचेची फ्रेम आहे. मी ऋतुजाला म्हटलं, वाच काय लिहिलंय. तिनं वाचलं, "उत्कृष्ट विणकर, १९८५. इंद्रजीत मेटकरी."

मी म्हटलं, "पंच्याऐंशी साली इंद्रजीत कुठं होता? त्या मांडवात मी होते. माईकवर पुकारलं ते येडू मेटकरी. हा इंद्रजीत तर त्यानंतर सात वर्षांनी गॅझेटात जन्माला आला. मग येडूचं बक्षीस इंद्रजीतनं कसं काय घेतलं? रेकॉर्ड म्हंजे रेकॉर्ड न्हवं?"

कमिटी फसकन हसली. एकाच्या नाकात चहा गेला. "येडू!" असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि पुन्हा खसखस पिकली. इंद्रजीतचे कान लाल झाले. तो उठला आणि फ्रेम सरळ केली. ती सरळच होती.

मी टकरीत जिंकलेल्या एडक्यासारखी घरी आले.

बुधवार, २२ जानेवारी

भाकरी थापताना ते लाल कान दिसत होते.

येडाई देवीच्या नवसाचा म्हणून आईनं त्याचं नाव येडू ठेवलं. आईचा जीव त्या नावात. पण इथं शहरात आल्यावर लोकांनी त्याचा येडा केला. कारखान्यात दोरा तुटला तरी ‘येडूनं तोडला’. म्हणून त्यानं बदललं, आणि बरं केलं. तुझं जुनं नाव लोकांत काढू नका म्हणून मी भांडायला गेले, आणि त्याचं भरल्या कमिटीत काढून आले. तू तिथं असतीस तर मला म्हणाली असतीस, "आजी, तीळ नीट भाजलेस ना?"

शुक्रवार, २४ जानेवारी

शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन कचेरीत गेले. कमिटी नव्हती. भजी नव्हती म्हणूनही असेल.

मी म्हटलं, "इंद्रजीत, माझं चुकलं."

तो कागद चाळत राहिला.

"फ्रेममधलं नाव बरोबर हाय. चादर तू विणलीस, बक्षीस तुझंच. लोकांना तुझं नाव उशिरा कळलं, त्यात तुझा काय दोष?"

त्यानं मान वळवून फ्रेमकडं बघितलं. मग म्हणाला, "आत्या, त्या दिवशी टाळ्या कमी आन् हसू जास्त पडलं. बक्षीस घरी नेताना पिशवीत पालथं धरलं हुतं. नाव दिसू नये म्हणून."

"तिनं तर चार वर्षं घरच पालथं धरलंय बाबा."

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर चटणी तोंडात टाकली आणि हाक मारली, "सयाजी! ते पान बदल. वैजयंती लवटे, पूर्ण. आन् टिंब दिसलं तर तुझ्याच नावामागं वै. लावीन."

सयाजी म्हणाला, "साहेब, पण कॉम्प्युटरला तीन चौकटी आहेत. मधली रिकामी ठेवली तर तो पुढं जात नाही."

मी घाईनं म्हटलं, "मधलीचं कुंडलिकला विचारू नका. तो न्हाई म्हणंल, आन् केलेलं सगळं पाण्यात जाईल."

सयाजी माझ्याकडं बघून उगाचच हसला. "मधल्या चौकटीचं तुम्ही सोडा, आजी."

या माणसावर काय म्हणून सोडायचं? एका टिंबात यानं माणूस मारलाय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पंधरा दिवस काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालं नाही. कुंडलिकनं घराला चुना लावला, तुझ्या खोलीचा पंखा पुसला, नव्या चपला आणल्या. समारंभ आहे ना सोसायटीचा.

आज स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, वर इंद्रजीतचा फोटो. मी ऋतुजाला म्हटलं, बाकीचं राहू दे, आपलं पान काढ. मधल्या चौकटीत काय घातलंय ते ऐकायला माझा जीव कानात आला होता.

तिनं वाचलं, "कणसाची चादर. नक्षी, वैजयंती..." आणि थांबली.

"पुढं?"

"कुंडलिक."

"अगं त्याला कशाला हाका मारतीस? तो स्टँडवर गेलाय."

"आजी, हाक नाही मारली. छापलंय. वैजयंती कुंडलिक लवटे."

मी पुन्हा वाचायला लावलं. तिनं चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी तिला वाचता येईना, डोळे पुसायला लागली. मग मला तुझी काळजी वाटली. तू नुसतं वैजयंती लवटे सांगितलं होतंस. न विचारता हेपण कुणी घातलं असेल, तर ते तांदळाच्या ताटासारखंच झालं की.

"वैजूला विचारलंय का कुणी?"

"बाबांनी विचारलं. माझं नाव मधे चालेल का तुला, म्हणून. ताई हो म्हणाली. मग ते स्वतः प्रेसमध्ये जाऊन सयाजीकाकांच्या हातात चिठ्ठी देऊन आले."

"कधी विचारलं?"

"चपला विसरले होते त्या दिवशी. गच्चीवरून."

म्हणजे तो बँकेचा फोन नव्हता. मी अंगणात उभी राहून तासभर तुझाच फोन बघत होते.

तुझी गाडी चारला येते. कुंडलिक अकरालाच गेला. मी म्हटलं, एवढ्या लवकर? म्हणाला, "गाडी कधी कधी आधी येते." महामंडळाची गाडी! आधी!

आत्ता मी ताटात तांदूळ पसरलेत. ऋतुजाला म्हटलं, माझं बोट धर आणि हिचं नाव काढून दाखव. ती म्हणाली, "आजी, वर दोन मात्रा दे. अगं, हा कोंबडीचा पाय झाला." झाला तर झाला. शहात्तर वर्षांत पहिलं अक्षर काढलं. पुढं टिंब तेवढं दिलेलं नाही. आलीस की बघ आणि चुकलं असेल तर तूच दुरुस्त कर, नाव तुझं आहे.

ऋतुजा, आता पेन ठेव आणि राजेश्वरीकडं पळ. म्हणावं, जिच्यासाठी पिठलं आणलं होतंस ती चारच्या गाडीनं उतरतेय. उद्या शेंगापोळ्या पाठव, चांगल्या पंधरा, तुपाची वाटी वेगळी. आणि पिठलंपण पुन्हा पाठव म्हणावं, लसूण तेवढाच घालून. मागच्या खेपेला सगळं मी एकटीनंच खाल्लं, कुंडलिकनं तोंडातसुद्धा घातलं नाही.